आधी नळी बघ

लेव्हल टी-४, कंप्लीट. मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या आमच्या गटात नवीन माणूस आला की नावाच्या आधी लेव्हल, म्हणजे इजेची पातळी, विचारतात, त्यामुळे मलाही अशीच सुरुवात करायची सवय लागली आहे. छातीच्या भागात बारा मणके असतात, त्यातल्या चौथ्याच्या पातळीवर माझ्या मज्जारज्जूला इजा झाली. तिथून खाली, म्हणजे साधारण छातीच्या मध्यापासून पायाच्या बोटांपर्यंत, स्पर्श कळत नाही आणि मी ठरवून काही हलवू शकत नाही. हात शाबूत आहेत. अपघात कसा झाला हे सांगण्यात मला आता रस नाही, आणि ते वाचून कोणाचं काही भलंही होणार नाही. नंतर काय काय शिकावं लागलं आणि ते कोणी शिकवलं, ते मात्र लिहायचं आहे.

ऑपरेशन झालं, मणक्यांत स्क्रू आणि रॉड बसले, टाके सुकले. घरचे सगळे माझ्या पायाच्या अंगठ्यांकडे डोळे लावून बसलेले. डॉक्टरांचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. टाचणी आणि कापूस घेऊन त्यांनी मानेपासून खाली एकेक जागा तपासली आणि शेवटी गुदद्वाराशी बोट लावून विचारलं, "काही कळतंय? आवळता येतंय?" मज्जारज्जूतून निघणाऱ्या अगदी खालच्या नसा, एस-४ आणि एस-५, तिथे पोचतात. तिथे काहीच शिल्लक नसेल तर इजा कंप्लीट, श्रेणी ए. थोडंफार शिल्लक असेल तर बी, सी किंवा डी. सगळं नॉर्मल असेल तर ई. मला काही कळलं नव्हतं. ही तपासणी कशासाठी, हे त्या वेळी मला कोणी सांगितलंही नाही. मी आपली छताकडे बघत लाजेने मरत होते.

काही आठवड्यांनी उजवा पाय अचानक उडाला. आई धावत नर्सला बोलवायला गेली, फोनाफोनी झाली, सगळ्यांना वाटलं पाय आले. ते स्पाझम होते. इजेनंतर सुरुवातीला खालचा मज्जारज्जू बधिर पडलेला असतो, त्याला स्पायनल शॉक म्हणतात. तो ओसरला की प्रतिक्षिप्त क्रिया परत येतात, पण मेंदूचा त्यांच्यावर ताबा राहत नाही. फिजिओने हे आईला समजावून सांगितलं. आईने मान डोलावली आणि पुढचे कित्येक महिने पाय उडाला की माझ्याकडे आशेने बघायची ती बघायचीच.

काकू मला पुनर्वसनाच्या वॉर्डात भेटल्या. त्यांची लेव्हल टी-१०, आणि मी शाळेत असल्यापासून त्या खुर्चीत आहेत. तोवर भेटायला आलेला प्रत्येक जण "कशी आहेस" म्हणायचा आणि मग मीच त्याची समजूत काढायचे. काकूंनी खुर्ची पलंगाला तिरकी लावली, ब्रेक मारले आणि विचारलं, "लघवीचं काय करतेस गं?"

मी म्हटलं, पिशवी लावलीय. "ती कायमची नको ठेवूस. सीआयसी शिकवायला सांग त्यांना. आणि नाहीच जमलं तर मला फोन कर, मी दाखवते. बायकांचं जरा कटकटीचं असतं."

सीआयसी म्हणजे दर चार ते सहा तासांनी स्वतः कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि नळी लगेच काढून टाकायची. १९७२ मध्ये जॅक लॅपिडिस नावाच्या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञाने सांगितलं की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही, हात आणि नळी स्वच्छ असली की पुरे. मूत्राशय तुंबू न देणं जास्त महत्त्वाचं. त्याआधी आमच्यासारख्यांची मूत्रपिंडं निकामी होणं ही नेहमीची गोष्ट होती. मूत्राशयातला दाब वाढून लघवी वर फिरली की मूत्रपिंडाची वाट लागते, आणि खाली काही कळत नसल्याने दुखून इशाराही मिळत नाही. म्हणून दर वर्षी सोनोग्राफी. काहीही वाटत नसलं तरी.

काकू म्हणाल्या ते खरंच होतं, बायकांचं कटकटीचं असतं. पुरुषाला नळी कुठे घालायची ते समोर दिसतं. मला पलंगावर पाठीला उश्या लावून टेकून बसायचं, गुडघे बाहेर पाडायचे, मांड्यांच्या मध्ये आरसा उभा करायचा, आणि नेमक्या त्या क्षणी पायाला स्पाझम येऊन आरसा आडवा. नर्सने शिकवलं ते पाठ्यपुस्तकातलं. काकूंनी शिकवलं ते असं: आधी एक पाय उशीखाली दाबून टाक, स्पाझम येऊन जाऊ दे, मग घाई न करता सुरुवात कर. नळी चुकून योनीत गेली तर ती काढू नकोस, तिथेच राहू दे आणि दुसरी नळी तिच्या वर घाल. आता चुकीची जागा अडलेली आहे. हे ऐकून मी हसले होते. अपघातानंतर बहुधा पहिल्यांदाच. पुढे बोटांच्या अंदाजानेच जमायला लागलं आणि आरसा सुटला. आता मी खुर्चीच्या कडेला सरकून कुठल्याही बऱ्यापैकी संडासात हे करते. दर वेळी पाचशे मिलिलिटरच्या आत निघायला हवं. जास्त निघालं तर एक तर पाणी जास्त झालंय, नाहीतर वेळ चुकलीय. नळी कमी वेळा घालावी लागावी म्हणून पाणीच कमी प्यायचं, हा आमच्यातला सगळ्यात लाडका आणि सगळ्यात वाईट उपाय. खडे होतात त्याने.

पोटाचं थोडक्यात सांगते, पण टाळत नाही, कारण सगळे टाळतात. माझ्या लेव्हलला आतड्याची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असते. जेवणानंतर अर्ध्या तासाने सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची गोळी, आणि मग हातमोजा घालून बोटाने उत्तेजन, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. वेळ पाळली की आतडं ऐकतं. त्यामुळे माझी नोकरी, प्रवास, लग्नाला जायचं की नाही, सगळं आधी या वेळापत्रकाला विचारून ठरतं. ज्यांची इजा अगदी खाली, कमरेच्या मणक्यांजवळ असते, त्यांचं आतडं ढिलं असतं आणि त्यांना सपोझिटरीचा उपयोग होत नाही, हाताने काढावं लागतं. दोन माणसं एकाच खुर्चीत बसलेली दिसतात म्हणून त्यांचे सल्ले एकमेकांना चालतील असं नाही. आधी लेव्हल विचारतात ती यासाठी.

गटाच्या बैठकीत पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं की दुःखं सांगण्याचा कार्यक्रम असेल. तिथे दोन पुरुष कुशनवरून भांडत होते. एक जण हवेच्या कप्प्यांच्या कुशनचा भक्त, दुसरा जेलचा. हवेचं हलकं आणि दाब चांगला वाटून देतं, पण पंक्चर झालं की बसल्या बसल्या कळत नाही आणि तासाभरात कातडीचे बारा वाजतात. जेलचं जड, पण दगा देत नाही. वाद मिटला नाही, अजूनही मिटलेला नाही. पण त्या वादातून मला कळलं की हवेच्या कुशनवर बसल्यावर कुशन आणि नितंब यांच्यामध्ये हात घालून, हाड आणि तळ यांच्यात साधारण बोटभर जागा उरते का ते रोज तपासायचं असतं. माझं कुशन कितीतरी दिवस टम्म फुगलेलं होतं. जास्त हवा भरली तर जास्त मऊ, असं ते देणाऱ्यानेच मला सांगितलं होतं.

कातडीची भीती काय असते ते खुर्चीत बसल्याशिवाय समजत नाही. धडधाकट माणूस झोपेतसुद्धा कूस बदलतो, खुर्चीत चुळबुळ करतो. आमच्याकडे ती चुळबुळ ठरवून करावी लागते. दर पंधरा ते तीस मिनिटांनी पुढे वाकून छाती मांड्यांवर टेकवायची किंवा एका बाजूला झुकायचं, आणि तसं निदान दोन मिनिटं राहायचं. हातांवर उचलून धरलं तर काही सेकंदांत हात थकतात. तेवढ्यात कातडीत रक्त परत भरत नाही, आणि खांदे फुकट झिजतात. सकाळ-संध्याकाळ आरशात किंवा फोनवर फोटो काढून बघायचं: बसायची हाडं, माकडहाड, नितंबांच्या बाजू, टाचा, घोटे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक. दाबूनही लालच राहिला तर त्या बाजूवर बसायचं नाही, डाग जाईपर्यंत नाही, ऑफिसात काहीही असो. गटातल्या एका दादाने ऑफिसची महत्त्वाची कामं उरकून मग बघू म्हटलं. वरून जखम नखाएवढी दिसत होती, आत हाडापर्यंत गेली होती. तो अर्धं वर्ष पालथा झोपून होता, आणि नोकरी गेली ती गेलीच. तो हे स्वतः प्रत्येक नवीन माणसाला सांगतो, फोटोसकट. आणि मांडीवर लॅपटॉप ठेवायचा नाही. गरम होतो, कळत नाही, सरळ फोड येतो.

दुसऱ्या महायुद्धाआधी या इजेनंतर बहुतेक माणसं याच दोन गोष्टींनी मरायची, सडलेल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडविलला लुडविग गुटमन यांनी जखमी सैनिकांचा वॉर्ड सुरू केला तेव्हा त्यांनी रुग्णांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची शिस्त लावली, रात्रीसुद्धा. त्यांनी १९४८ मध्ये तिथल्या हिरवळीवर सोळा जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, आणि त्यातून पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. लोक पदकांबद्दल बोलतात. मला ते दोन तास जास्त मोठे वाटतात.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते.

टी-६ किंवा त्याच्या वर इजा असलेल्यांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होऊ शकतो. खाली कुठेतरी काहीतरी बिघडतं: मूत्राशय तुंबतं, शौच अडकतं, पायाच्या बोटाचं नख आत रुततं, पँटची शिवण टोचते. ते मला कळत नाही, पण मज्जारज्जूला कळतं, आणि तो खालच्या सगळ्या रक्तवाहिन्या आवळतो. रक्तदाब भराभर चढतो. मेंदू नाडी मंद करून तो उतरवायचा प्रयत्न करतो, पण रक्तवाहिन्या सैल करा हा त्याचा निरोप इजेच्या खाली पोचत नाही. वेळेत कारण काढलं नाही तर फिट येऊ शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मूत्राशयातला खडा काढायला मी एका रुग्णालयात दाखल होते. रुग्णालय चांगलं, पण मणक्याच्या इजेचे रुग्ण तिथे क्वचित येत असावेत. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं, काही दिवसांपुरती नळी आणि पिशवी लावली. रात्री डोकं ठणकायला लागलं. साधं डोकं दुखणं नव्हे, प्रत्येक ठोक्याला कवटी आतून कोणी हाणतंय असं. चेहरा तापला, मानेवरून घाम, दंडांवर काटा. नर्सने ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. रक्तदाब १६०. "टेन्शन घेऊ नका, ऑपरेशन झालंय, थोडा वाढतो," म्हणत त्यांनी पलंगाचं डोकं खाली करून मला सपाट झोपवलं आणि वेदनाशामक लिहून दिलं. तो तरुण डॉक्टर मुद्दाम काही वाईट करत नव्हता. त्याच्या दृष्टीने १६० हा आकडा घाबरण्यासारखा नव्हताच. पण माझा रोजचा वरचा रक्तदाब ९५ ते १०० असतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांचा कमीच असतो. नेहमीपेक्षा वीस ते चाळीसने चढला तरी तो धोका धरायचा. माझा साठने चढला होता.

आडवी झाल्यावर ठणका दुप्पट झाला. काय होतंय ते मला माहीत होतं, पण डोकं चालेना, शब्द जुळेनात. मी काकूंना फोन लावला. अपरात्री त्यांनी एका रिंगमध्ये उचलला.

"डोकं फुटतंय काकू."

"आडवी आहेस? आधी उठून बस. पाय खाली सोड. आता नळी बघ. चादरीखाली हात घाल, मांडीपासून पिशवीपर्यंत चाचपत जा."

नवऱ्याने पलंग वर केला, पाय खाली सोडले, चादर काढली. नळी माझ्या मांडीखाली दबून दुमडली होती. पिशवी जवळजवळ कोरडी. त्याने पाय उचलला, नळी सरळ केली आणि पिशवीत लघवीची धार लागली. बघता बघता डोकं हलकं झालं. डॉक्टर परत आला तेव्हा रक्तदाब ११० च्या आसपास उतरला होता. काकू फोनवर अजून होत्याच. नळी सरळ करूनही उतरला नसता तर पुढे काय तपासायचं हे त्या नवऱ्याला सांगत होत्या: कपडे, पट्टे सैल कर, मग पोट, मग कातडी, मग नखं, आणि तरीही चढाच राहिला तर रक्तदाब उतरवणारं औषध मागून घे.

माझ्या पर्समध्ये गटाने छापलेलं कार्ड होतं. दोन्ही बाजूंनी याच गोष्टी, मोठ्या अक्षरांत. मी ते त्या डॉक्टरला दिलं. त्याने ते उभ्या उभ्या वाचलं, फोनवर फोटो काढला आणि विचारलं, "टी-६ च्या खाली इजा असेल तर होत नाही का?" "सहसा नाही," मी म्हटलं. तो खुर्ची ओढून बसला आणि आणखी प्रश्न विचारत राहिला. त्याचा राग यायचा तो मला आलाच नाही. आता दाखल होताना ते कार्ड मी पर्समध्ये ठेवत नाही, फाइलच्या पहिल्या पानाला स्टेपल करते, आणि प्रत्येक पाळीच्या नर्सला माझा नेहमीचा रक्तदाब तोंडी सांगते. त्या वैतागतात. वैतागू देत.

गटाचं नुसतं कौतुक केलं तर खोटं होईल. गटात अफवाही फिरतात. स्टेम सेलच्या इंजेक्शनने पाय आले, असं कोणाच्या तरी कोणाचं तरी उदाहरण दर काही महिन्यांनी येतं, आणि नवीन माणसाचे घरचे लोक शेवटचा पैसा काढायला तयार होतात. मज्जारज्जू पूर्ववत करणारा सिद्ध झालेला उपचार आज नाही. काकू हे स्पष्ट शब्दांत सांगतात, त्यामुळे काही लोक त्यांच्यावर रुसून गट सोडून गेले. दुसरी गोष्ट लघवीची. गढूळ दिसली की अँटिबायोटिकचं नाव विचारायचं आणि दुसऱ्याने ते सांगून टाकायचं, हे सर्रास चालायचं. नळी वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडतातच. त्रास नसेल तर औषध घ्यायचं नसतं, नाहीतर खरी गरज पडेल तेव्हा कोणतंच लागू पडत नाही. ताप, थंडी, स्पाझम अचानक वाढणं, मध्येच गळती, अशी लक्षणं असतील तर लघवीचं कल्चर आणि डॉक्टर. गटाने आता नियमच केला आहे की औषधाचं नाव कोणी कोणाला सांगायचं नाही. एक पाय सुजला, इजेच्या वर नवीन बधिरपणा किंवा अशक्तपणा वाटला, तर चर्चा करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पायात रक्ताची गुठळी असू शकते, किंवा मज्जारज्जूत पाण्याची पोकळी वाढत असू शकते. स्पाझमसाठी बॅक्लोफेन घेणाऱ्यांनी मनाने गोळी बंद करायची नाही, हेही त्यातच आलं.

गटात आणखी एक अडचण होती, ती मला फार उशिरा दिसली. एक मुलगी काठी घेऊन चालत यायची. इनकंप्लीट, श्रेणी डी. खुर्चीतले लोक तिला म्हणायचे, तुझं काय बाई, तू तर चालतेस. तिलाही नळी घालावी लागते, तिचेही पाय रात्रभर जळतात, आणि बाहेरच्या जगात कोणी तिला आजारी समजतही नाही, बसमध्ये जागा देत नाही. ती हळूहळू येईनाशी झाली. काकू तिच्या घरी गेल्या, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नव्हती, म्हणून खाली थांबून तिला बोलावलं. त्यानंतर गटात कोण जास्त भोगतंय याची मोजदाद निदान उघडपणे तरी होत नाही.

पाय जळतात म्हटलं ते माझ्याही बाबतीत खरं आहे. जिथे टाचणी टोचलेली कळत नाही, तिथेच आग होते. प्रीगाबालिनने ती कमी होते, जात नाही. हे कोणाला सांगायला गेलं तर समोरचा म्हणतो, अगं पण तुला तर पाय कळतच नाहीत ना? गटात हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही, एवढ्यासाठीसुद्धा मी जाते. ज्या महिन्यात मी अंथरुणातून उठायचंच सोडलं होतं, त्या महिन्यात तीन-चार जण पाळी लावून फोन करायचे. उपदेश नाही. "आज कातडी बघितलीस का?" एवढंच. त्यांतल्याच एकीने मला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं, औषध सुरू झालं. घरच्यांचा गट वेगळा भरतो, आणि आम्ही तिकडे डोकवायचं नाही असं ठरलेलं आहे. त्यांना आमच्याबद्दल कुरकुरायला जागा हवी. नवरा तिथून आला की जरा माणसात आलेला असतो.

सध्या गटात खांद्यांवरून जुंपली आहे. काकूंच्या उजव्या खांद्याचा रोटेटर कफ, म्हणजे सांधा धरून ठेवणारे स्नायूबंध, फाटला. इतकी वर्षं चाकं ढकलून, पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर शरीर उचलून हात झिजतात. खांदे काही पायांचं काम करायला बनलेले नाहीत. ऑपरेशन केलं तर काही महिने त्या हाताने ट्रान्सफर बंद, म्हणजे उठायला, बसायला, संडासला दुसरं माणूस. काकूंनी बॅटरीच्या खुर्चीला कायम नाकं मुरडली. हात चालतात तोवर हातानेच, हा त्यांचा बाणा, आणि आम्ही सगळ्यांनी तो उचलला. आता त्याच सांगताहेत की चढावर तरी मोटर लावा, ट्रान्सफरला बोर्ड वापरा, वजन वाढू देऊ नका. निम्मा गट म्हणतो, काकू थकल्या. मला त्यांचं पटलंय. खुर्चीला पुढून जोडायचं मोटरचं चाक मी चाचणीसाठी घरी आणलंय. रस्त्यावर झकास पळतं, पण घरात संडासाच्या दारापाशी वळत नाही, चौकटीला आपटतं. दार काढून तिथे सरकतं दार बसवायचं, की मोटर बाहेरच सोडून आत यायचं, यावर नवरा आणि मी अजून भांडतोय.